वाट्याला आलेला तबला

उत्तरेश्वर : ...आणि म्हणून, मंजुळा, मानवजातीच्या ऐकण्याचे इथून पुढे दोनच कालखंड मानले जातील. एक आजपूर्वीचा आणि एक आजपासूनचा.

मंजुळाबाई : आजपासूनचा कुठं ठेवायचा? टेबलावर शेवया वाळू घातल्यात.

उत्तरेश्वर : शेवया काढ.

मंजुळाबाई : वाळल्या न्हाईत अजून. खाली पाटावर ठेवा त्याला. पाट मानाचा असतो.

उत्तरेश्वर : ठेवतो. पण लक्षात घे, हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. आपल्या लग्नाच्या आधी जन्मलेला.

मंजुळाबाई : दिसतंय. आपल्यावानीच झालाय. वरून ह्या काचेच्या बाटल्या कशाला ठोकल्यात?

उत्तरेश्वर : तेच व्हॉल्व्ह. आतून पेटतात. मंद, केशरी.

मंजुळाबाई : लाईट गेल्यावर उजेडाला बरंय मग.

उत्तरेश्वर : लाईट गेल्यावर ते पण जातात.

मंजुळाबाई : मग काय उपेग.

उत्तरेश्वर : आवाज गरम होतो त्यानं. आत्ताच्या यंत्रांचा आवाज थंड असतो. आष्टीचा तो जुन्या मालाचा दुकानदार म्हणाला, साहेब, हा एकदा ऐकलात की बाकी सगळं शिळं लागेल.

मंजुळाबाई : मागल्या दिवाळीला जपानी आणला तवाबी त्यो असंच म्हनला होता. त्याच्या आधीचा मद्रासचा. मद्राशावर मी लोणच्याची बरणी ठेवलीय.

उत्तरेश्वर : आणि जपानी?

मंजुळाबाई : त्याच्यावर मांजर झोपती. तिला लई मानवलाय.

उत्तरेश्वर : त्यांचं आपल्या डब्याशी जुळलं नाही, मंजुळा. स्पीकरचा डबा आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची जोडी जुळावी लागते. मद्रासचा धसमुसळा होता. त्याला जोडलं की डब्यातली बाई धापा टाकत गायची. जपानी आणला, तर तो इतका शिस्तीचा, की बाई गायची खरी, पण मनापासून नाही.

मंजुळाबाई : बाई तीच, गाणं तेच, डबा त्योच एक. तुमी नुसतं तिचं सासर बदलत बसलाव.

उत्तरेश्वर : डबा एक. तिथंच सगळं अडलंय. नेकनूरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या अभिमन्यूनं फोनवर बजावून सांगितलंय, काका, व्हॉल्व्हच्या यंत्राला दोन्ही बाजूंना डबे जोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. एक बाजू मोकळी राहिली तर यंत्र आतून जळतं.

मंजुळाबाई : मोकळ्या बाजूला माझी इस्त्री जोडा.

उत्तरेश्वर : त्यानंही तेच सुचवलं. म्हणाला, शेगडीची कॉइल कापून मापात जोडून देतो, यंत्राला वाटेल डबाच आहे. मी म्हटलं, म्हणजे बाई डब्यात गाणार आणि तबला शेगडीत वाजणार? तर म्हणे, हो काका, वर पातेलं ठेवा, पाणी कोमट होईल.

मंजुळाबाई : काय वाईट हाय? थंडीत तेवढंच तोंड धुवायला.

उत्तरेश्वर : अण्णांच्या संचातला तबला आहे तो.

मंजुळाबाई : भावजींच्या वाट्याचा.

उत्तरेश्वर : त्याचं नाव काढू नकोस.

मंजुळाबाई : नाव कुठं काढलं? भावजी म्हनलं.

उत्तरेश्वर : ह्या घरात तेही नाव आहे.

मंजुळाबाई : मला तर त्या दिवशीच्या पंचांना धरून आणावं वाटतंय. रान वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, म्हशी वाटल्या. शेवटाला मामंजींचा, तुमच्या अण्णांचा, हा गाण्याचा संच राहिला. धरणावरच्या सायबाकडून किती हौसंनं घेतला होता त्यांनी. तर त्रिंबक आप्पा म्हनले, दोन डबे, दोन भाऊ, हाय काय अन् न्हाय काय. डावा थोरल्याला, उजवा धाकल्याला. झाली वाटणी. ह्या डब्यात बाई बसलीय अन् त्या डब्यात तबला, हे एकानंबी इचारलं न्हाई.

उत्तरेश्वर : जुन्या रेकॉर्डी तशाच भरायचे. गायिका डावीकडे, तबला उजवीकडे. पण मुद्दा तो नाही. उजवी बाजू मानाची असते. थोरला मी असताना ती धाकट्याला दिली.

मंजुळाबाई : आन् ते म्हनतेत, बाई थोरल्याला दिली, माझ्या गळ्यात नुसता तबला मारला. तवापासून दोघांचा अबोला. बारा-तेरा वर्षं झाली. तुमी नुसती बाई ऐकता, ते नुसता तबला ऐकतेत.

उत्तरेश्वर : ज्याच्या वाट्याला जे आलं, ते.

मंजुळाबाई : अभिमन्यू तवाच म्हनला होता, दोन्ही बाजूचा आवाज एकाच डब्यातून काढून देतो.

उत्तरेश्वर : वाटणीत जे आपल्याला आलेलं नाही, ते आपण ऐकायचं नाही. पंचांसमोर सही आहे माझी. तबल्याची तार मी स्वतः कापून त्रिंबक आप्पांच्या हातात दिली होती.

मंजुळाबाई : त्यांनी तिच्यावर टॉवेल वाळू घातला. मी बघितलाय. मग आता काय करायचं म्हनता?

उत्तरेश्वर : त्याचा डबा इथे यायला हवा. एका गाण्यापुरता.

मंजुळाबाई : जा की. भिंतीपल्याड तर हायेत.

उत्तरेश्वर : कसा जाणार? अबोला आहे.

मंजुळाबाई : बोलू नका. नुसते जावा, डबा उचला अन् या.

उत्तरेश्वर : त्याला चोरी म्हणतात. तू निरोप दे. मी शब्द सांगतो. कृपया लक्ष द्या. उत्तरेश्वर यांजकडून अजिनाथ यांस कळविण्यात येते की, आपल्या ताब्यातील उजवा डबा...

मंजुळाबाई : फलाट क्रमांक राहिला.

उत्तरेश्वर : मंजुळा, नोकरी सुटली तरी भाषा सुटत नाही. हयात गेली केजच्या बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात. आणि आता तुला ठाऊक आहे, वेळ किती उरलाय. अंबाजोगाईचे डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना तू?

मंजुळाबाई : मीच ऐकलं. तुमाला ऐकू आलं न्हाई म्हणून तर मला आत बोलावलं. उजवा कान गेला, डाव्याचाबी भरवसा न्हाई, मशीन लावा म्हनले.

उत्तरेश्वर : मशीन लावल्यावर सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं म्हणे. त्याच्याआधी एकदा, एकदाच, ते गाणं मला अख्खं ऐकायचंय. अण्णांच्या पुढ्यात बसून ऐकायचो तसं. दोन्ही बाजूंनी.

मंजुळाबाई : मग हे असंच भावजींना सांगते.

उत्तरेश्वर : कानाचं त्याला कळता कामा नये. दया म्हणून डबा देईल. दयेचा तबला मला नको.

मंजुळाबाई : बरं. न्हाई सांगत. ओ भावजी, जरा इकडं येता का? काम हाय.

अजिनाथ : आलो, वैनी. गिरणीचा पट्टा तुटलाय म्हणून आलो. न्हाईतर ह्या उंबऱ्यात माझं काय काम?

मंजुळाबाई : बसा.

अजिनाथ : बसायला न्हाई आलो. पाटावर काय बसवलंय हे?

उत्तरेश्वर : मंजुळा, त्याला सांग, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे.

मंजुळाबाई : व्हॉल्व्हचा हाय.

अजिनाथ : ऐकलं. वैनी, त्यांना इचारा, कुणी गळ्यात मारला?

मंजुळाबाई : कुठून घेतला इचारतेत.

उत्तरेश्वर : असं नाही विचारलं त्यानं.

मंजुळाबाई : मी एवढंच नेते. बाकीचं जड असतं, तुमचं तुमी न्या.

उत्तरेश्वर : त्याला सांग, आष्टीहून आणलाय, स्वतः पारखून. आणि म्हणावं, यंत्र पारखायला कान लागतो. लग्नाच्या वरातीतले भोंगे ऐकून तो येत नाही.

अजिनाथ : हे माझ्या डीजेच्या अ‍ॅम्प्लिफायरला बोलले, वैनी. केजच्या पोरांनी डीजेचा धंदा मोडला तवा घेतला मी त्यो. लई ताकदीचा हाय. तबल्याची थाप पडली की गिरणीतलं पीठ आपूआप चाळून निघतंय. आमच्या मंडळीनं, सुरेखानं, चाळणी माळ्यावर टाकलीय. गिऱ्हाईक लांबून येतंय, म्हनतंय तबल्याचं पीठ द्या.

उत्तरेश्वर : डीजेचं यंत्र? त्या डब्याला? मंजुळा, त्याला सांग, तो डबा दिवाणखान्यात बसून ऐकायचा आहे. असल्या यंत्रानं त्याचा पडदा फाटेल.

मंजुळाबाई : पडदा फाटंल म्हनतेत.

अजिनाथ : फाटला की. दोनदा फाटला.

उत्तरेश्वर : फाटला?

अजिनाथ : मी दुरुस्त केलाय. मांजरपाटाचा तुकडा अन् बाभळीचा डिंक. पहिल्यापरीस बळकट हाय. सांगा त्यांना, वैनी, एवढे डोळे कशाला फिरवतेत?

उत्तरेश्वर : मंजुळा, मला पाणी दे.

मंजुळाबाई : घ्या. भावजी, आता सरळच सांगते. ह्या यंत्राला दोन डबे लागतेत. एका गाण्यापुरता तुमचा डबा पाहिजे.

अजिनाथ : माझा?

मंजुळाबाई : तुमच्याच डब्याची जोडी हाय ती. दुसरा कुणाचा मागायचा?

अजिनाथ : आँ. असं हाय तर. मग वैनी, त्यांना सांगा, पद्धतीनं मागा. पोरीवाल्याच्या घरी पोराकडचे जातेत. यंत्र उचला अन् आमच्या ओट्यावर या. आमी चहापोहे देऊ. डबा दाखवू. पसंत पडला तर पुढचं बघू.

उत्तरेश्वर : त्याला सांग, यंत्र नवरा आणि डबा नवरी हे कुणी ठरवलं?

अजिनाथ : त्यात ठरवायचं काय? यंत्र जसं चालवील तसा डबा बोलतो. म्हंजी डबा बायकोच झाला.

मंजुळाबाई : असं असतंय व्हय? मग ह्या घरातलं यंत्र मी हाय. पुढं बोला.

उत्तरेश्वर : त्याला सांग, यंत्र हलवता येत नाही. व्हॉल्व्ह काचेचे आहेत. आष्टीपासून मांडीवर घेऊन आलोय. कंडक्टरनं विचारलं, बाळाचं अर्धं काढू का.

अजिनाथ : बरं, डबा हितं आणला म्हनू. मग बसवणार कुठं?

उत्तरेश्वर : उजवीकडे. पंचांचा निवाडा आहे.

अजिनाथ : हां. हे कबूल. मग हितं, ह्या खिडकीखाली.

उत्तरेश्वर : मंजुळा, ती डावी बाजू आहे. ऐकणारा इथं बसतो. त्याची उजवी ही.

अजिनाथ : ऐकणाऱ्याची उजवी कावून धरायची? डब्याची उजवी धरा. देव्हाऱ्यात देव बसवला तर देवाचा उजवा हात बघतेत का पूजा करणाराचा?

उत्तरेश्वर : ह्यात देव आणू नकोस म्हणावं.

मंजुळाबाई : देव आणू नका.

अजिनाथ : वाटणीच्या दिवशी बेलभंडारा उचलला तवा देव होताच की. वैनी, मी चाललो. उजवा डबा दिला म्हणून बारा वर्षं मिरवलो मी, अन् आता ह्यांच्या घरात येऊन डावा होऊ? पंचातल्या बबनरावांना इचारू, पुन्हा पंच बसवू, मग बघू.

उत्तरेश्वर : जाऊ दे त्याला. मी शेगडी जोडतो.

मंजुळाबाई : थांबा भावजी. ह्यांचा उजवा कान गेलाय.

उत्तरेश्वर : मंजुळा.

मंजुळाबाई : डावाबी चाललाय. मशीन लावायच्या आधी एकदा अख्खं गाणं ऐकायचं म्हनतेत, मामंजींच्या वेळंसारखं. तुमाला सांगू नको म्हनले होते.

अजिनाथ : कधी गेला?

उत्तरेश्वर : त्याला सांग, पुकारायचा भोंगा खिडकीच्या उजव्या हाताला होता. हळूहळू गेला.

मंजुळाबाई : ऐकलं त्यांनी.

अजिनाथ : मला कुणी बोललं न्हाई, वैनी.

मंजुळाबाई : कोण बोलंल? अबोला हाय ना तुमचा.

अजिनाथ : हां. ते हायच की.

मंजुळाबाई : मग? चाललाव का थांबता?

अजिनाथ : ऐकणाऱ्याची उजवी तर ऐकणाऱ्याची. आणतो डबा. पण त्यांना सांगा, हे दया म्हणून न्हाई. पट्टा तुटलाय. दिवसभर रिकामाच हाय मी.

मंजुळाबाई : दया न्हाई म्हनतेत. पट्टा तुटलाय.

उत्तरेश्वर : आभारी आहे म्हणावं. पट्ट्याचा.

मंजुळाबाई : गेले ते. आता तोंड नीट करा अन् ती बाज भिंतीकडनं जरा पुढं ओढा, बसायला.

उत्तरेश्वर : तू सांगायला नको होतंस.

मंजुळाबाई : तुमी सांगू नको म्हनला, तवाच मला कळलं की सांगायचंय. आले बघा.

अजिनाथ : सरका, सरका. पहिल्यापरीस लई जड झालाय ह्यो. हितं ठेवू का?

उत्तरेश्वर : मंजुळा, हा डबा पांढरा कसा झाला? सागवानी होता.

अजिनाथ : पीठ बसलंय. गिरणीत राहून माणूसबी पांढरं होतंय. अन् त्यांचा बघा, पॉलिश मारमारून नवरदेव करून ठेवलाय. शेजारी-शेजारी ठेवल्यावर कुणी म्हनंल का, हे दोघं भाऊ हायेत?

मंजुळाबाई : कुणी म्हनत न्हाई. तारा जोडा.

उत्तरेश्वर : तांबडी तांबड्याला. काळी काळ्याला. त्याला सांग, उलटी जोडली तर दोन्ही डबे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे घेतो. आवाज सगळा मधल्यामध्ये मरतो.

मंजुळाबाई : हे त्यांना कशाला सांगायचं? तुमा दोघांना पाठ हाय ते.

अजिनाथ : जोडली. दाबा म्हणावं बटण.

उत्तरेश्वर : दाबलं. लगेच वाजणार नाही. आधी तापावं लागतं.

अजिनाथ : वैनी, पेटलं बघा. कसं केशरी दिसतंय. चुलीतल्या इंगळावानी.

उत्तरेश्वर : त्याला सांग, हात लावायचा नाही. भाजतं.

मंजुळाबाई : भाजतं.

अजिनाथ : भाजलं.

मंजुळाबाई : निरोप पोचायच्या आधीच हात पोचतो तुमचा. पाण्यात धरा.

उत्तरेश्वर : आता शांतता राखा. मोबाईलवरून लावतो. अभिमन्यूनं अण्णांची रेकॉर्ड उतरवून दिलीय, दोन्ही बाजूंसकट. आजवर एक बाजू बंद ठेवली होती. ऐका.

अजिनाथ : ...

उत्तरेश्वर : ...

अजिनाथ : वैनी, बाई कुठं हाय?

उत्तरेश्वर : मंजुळा, तबला नाही. त्याचा डबा बंद आहे. मांजरपाट.

अजिनाथ : बंद? तबला खणखणीत वाजतोय. बाईच न्हाई. त्यांचा डबा मेलाय, वैनी. नुसतं पॉलिश राहिलंय.

उत्तरेश्वर : बाई समोर बसून गातेय. तबला मात्र पलीकडच्या गल्लीत लग्न असल्यासारखा येतोय.

अजिनाथ : अन् मला बाई नदीपल्याडून हाक मारल्यावानी येती.

उत्तरेश्वर : तारेत दोष आहे. नाहीतर व्हॉल्व्ह बसला.

अजिनाथ : आष्टीला बसला होता म्हनावं. ह्यांनी बसलेलाच आणला.

मंजुळाबाई : गप बसा दोघं. मधून उठा, मला बसू द्या. हं. लावा पहिल्यापासून.

उत्तरेश्वर : लावलं. काय येतंय?

मंजुळाबाई : दोन्ही वाजतेत.

अजिनाथ : खरं सांगा.

मंजुळाबाई : बाई हिकडून, तबला तिकडून. चांगलं वाजतंय की. आन् मधी, ह्या पाटाच्या वर, पेटी हाय.

उत्तरेश्वर : मध्ये काय आहे? मध्ये तर डबाच नाही.

मंजुळाबाई : डबा न्हाई. पेटी हाय. कुणी तरी मधी बसून वाजवतंय.

उत्तरेश्वर : पेटी कुणाच्या वाट्याला आली नव्हती.

अजिनाथ : थांबा, वैनी. माझ्या डब्यातून एक बारीक सूं येत होतं. मला वाटायचं डास गुणगुणतोय. अगरबत्त्या लावल्या मी त्याच्यापायी.

उत्तरेश्वर : माझ्याही डब्यातून यायचं. मी समजलो यंत्राची खरखर आहे. ती घालवायला मद्रासचा बदलला. जपानीनं ती आणखी साफ ऐकवली, म्हणून जपानी बदलला.

मंजुळाबाई : म्हंजी अर्धी पेटी तुमच्याकडं, अर्धी त्यांच्याकडं. वाटणीत राहून गेली अन् दोघांनी डास समजून मारली.

उत्तरेश्वर : अण्णा म्हणायचे खरं. पेटीकडे लक्ष ठेवा रे. मला कळायचं नाही, ते कुठं बघतात ते.

मंजुळाबाई : ते मधी बघायचे. पण मला एक सांगा, दोन्ही डबे चालतेत तर तुमाला बाई का येत न्हाई, भावजी? जरा हिकडं या. डाव्या अंगाला उभी राहते मी तुमच्या. आता सांगा, काय म्हनले?

अजिनाथ : बोला की.

मंजुळाबाई : बोलले.

अजिनाथ : कवा?

मंजुळाबाई : डावीकडून बोलले तवा आलंच न्हाई, आता उजवीकडून बोलते. तुमचाबी डावा गेलाय.

अजिनाथ : न्हाई हो. इंजिन डाव्या अंगाला असतंय, म्हणून जरा भरल्यावानी वाटतंय. सुरेखा म्हनती खरं, तिच्याकडं पाठ करून झोपलं की मी एक शब्द ऐकत न्हाई. मला वाटलं, वयानं ती कमी बोलाय लागली.

उत्तरेश्वर : म्हणजे मला उजवा नाही आणि त्याला डावा नाही.

मंजुळाबाई : पंचांनी कानबी वाटून दिले. माणसं मोठी कामाची होती.

उत्तरेश्वर : मग संपलं. बंद कर, मंजुळा. मला वाटलं होतं डब्यानं होईल. डबा आणला, यंत्र आणलं, आणि आता ऐकायचा कानच जोडीचा नाही. कानाला दुसरा मिळत नाही आष्टीला.

अजिनाथ : वैनी, त्यांना म्हनावं, लगेच बंद कावून करायचं? आवाज वाढवून बघा. माझा डीजेचा आणू का?

उत्तरेश्वर : नको म्हणावं. आवाजाचा प्रश्न नाही हा.

मंजुळाबाई : तुमी एक करा. उठा. बाजंवर पाठमोरे बसा.

उत्तरेश्वर : कुणाकडे पाठ?

मंजुळाबाई : डब्यांकडं. तोंड भिंतीकडं. तुमचा चांगला कान डावा ना? मग फिरल्यावर त्यो भावजींच्या डब्याकडं येतो. तबला येईल. अन् भावजींनी फिरावं, त्यांना बाई येईल. सोपं हाय.

उत्तरेश्वर : एवढं यंत्र पाटावर बसवून त्याच्याकडे पाठ करायची?

मंजुळाबाई : एवढा भाऊ शेजारी असून केलीच की. सवय हाय तुमाला. बसा.

अजिनाथ : मी बसून बघतो. हितं बसू का, ह्या टोकाला? लावा.

मंजुळाबाई : लागलंय.

अजिनाथ : ...

मंजुळाबाई : आली का?

अजिनाथ : आली. वैनी, अजून तशीच गाती ती. जरासुदिक म्हातारी झाली न्हाई.

उत्तरेश्वर : सरक म्हणावं त्याला, मलाही बसू दे.

मंजुळाबाई : बसा की, केवढी मोठी बाज हाय. आता?

उत्तरेश्वर : तबला.

मंजुळाबाई : कसा वाटतोय?

उत्तरेश्वर : त्याला सांग, मांजरपाट कळत नाही. अजिबात कळत नाही. बाभळीचा डिंक चांगला धरतो म्हणावं.

मंजुळाबाई : तुमचं तुमी सांगा. मी चालले. मंगलकडं बचत गटाची बैठक हाय, माझ्यावाचून अडलंय तिथं.

उत्तरेश्वर : तू गेल्यावर त्याला कोण सांगणार?

अजिनाथ : व्हय वैनी, काही लागलं-सवरलं तर?

मंजुळाबाई : समोर भिंत हाय. तिला सांगा.

(मंजुळाबाई जातात. दोघं भाऊ बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसलेले. मागं गाणं चालू.)

उत्तरेश्वर : मी भिंतीशी बोलतोय. कुणी अंगावर घ्यायचं कारण नाही. ह्या जागेवर तबलेवाला बोटं जरा मागं ओढायचा. तेव्हा अण्णा चहाचा कप खाली ठेवायचे.

अजिनाथ : मीबी भिंतीलाच सांगतो. कप न्हाई, बशी. कप आधीच रिकामा असायचा.

उत्तरेश्वर : भिंतीचं बरोबर आहे. बशी.

अजिनाथ : अन् भिंतबाई, हेबी ऐकून ठेव. डीजेचा अ‍ॅम्प्लिफायर मी पीठ चाळायला आणला नव्हता. म्हनलं, तबला एवढ्या जोरात वाजवू की पल्याडच्या घरातली बाई गात-गात भिंतीतून हिकडं यावी.

उत्तरेश्वर : तबला यायचा. रोज यायचा. दुपारी मंजुळा झोपली की मी भिंतीला कान लावायचो. पंचांसमोर सही केलेली असून.

अजिनाथ : कंचा कान?

उत्तरेश्वर : उजवा. तेव्हा होता.

अजिनाथ : मी डावा लावायचो. गिरणी बंद केली की.

उत्तरेश्वर : ह्याच भिंतीला?

अजिनाथ : ह्याच की. दुसरी कुठं हाय मधी.

उत्तरेश्वर : म्हणजे दुपारी ह्या बाजूनं मी आणि त्या बाजूनं...

अजिनाथ : तुमी कान लावून बसलाव तर वाजवत कोण होतं?

उत्तरेश्वर : तेच मी विचार करतोय. माझी बाई तेव्हा बंद असायची.

अजिनाथ : माझा तबलाबी.

उत्तरेश्वर : मग ऐकत काय होतो आपण?

अजिनाथ : गाणं संपत आलं. आता बोलू नका, ह्याच्या पुढं ती लई हळू गाती.

उत्तरेश्वर : ...

अजिनाथ : ...

उत्तरेश्वर : संपलं. परत लावू?

अजिनाथ : लाव. अन् दादा, जरा तिकडं सरक. पायाला मुंग्या आल्यात.